मदत हवी आहे: डिस्क गोल्फ स्पर्धा, जागा ३६, गट चार. वाटप कसं करावं? (सातारा)

माळावरचा

नमस्कार मंडळी. विषय आडवळणाचा आहे, पण इथे बुद्धिबळापासून सायकल शर्यतीपर्यंत काय काय भरवणारे लोक आहेत, म्हणून विचारतो.

यवतेश्वर घाटाच्या पायथ्याला आमच्या एका नातेवाइकांचा माळ आहे. तिथे डिसेंबरात, गवत कापून झालं की, आम्ही एका दिवसाची डिस्क गोल्फ स्पर्धा घेतो. हा गोल्फच, फक्त काठी-चेंडूच्या जागी चकती. ठरलेल्या जागेवरून फेकायची, पडेल तिथून पुढची फेक, आणि शेवटी खांबावरच्या साखळ्यांवर आपटून खालच्या टोपलीत पाडायची. कमी फेकींत संपवेल तो जिंकला. ही साखळ्यांची टोपली १९७०च्या दशकात एड हेड्रिक नावाच्या अमेरिकन माणसाने काढली. गडी एवढा वेडा की २००२ मध्ये वारल्यावर त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची राख चकत्यांच्या प्लॅस्टिकमध्ये मिसळली. आमच्या टोपल्या एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्याने वेल्डिंग करून दिल्यात आणि साखळ्या म्हशी बांधायच्या. आवाज झकास येतो.

आता अडचण. टोपल्या ९. सगळे एकाच वेळी वेगवेगळ्या टोपल्यांपासून सुरू करतात, प्रत्येक ठिकाणी एक चौकडी. म्हणजे ३६ माणसं, त्यावर एक नाही. गट चार: खुला, चाळिशीपुढचा, महिला आणि १६ वर्षांखालील.

पहिल्या वर्षी सरळ ९-९ जागा वाटल्या. खुला आणि चाळिशी भरले. महिला ४ आल्या, मुलं ५. नऊ जागा मोकळ्या, आणि खुल्यातली पोरं "दादा, घ्या की" म्हणून फोन करत होती. आयत्या वेळी कुणी आलं तर काय, या भीतीने मी जागा सोडल्या नाहीत. कुणीही आलं नाही.

गेल्या वर्षी शहाणपण केलं: जो आधी भरेल त्याची जागा. रात्री ९ वाजता लिंक टाकली, ११ च्या आत खेळ खलास. खुला २७, चाळिशी ५, महिला ३, मुलगा १. तो एकटा पोरगा चाळिशीवाल्यांबरोबर फिरला आणि आपल्या गटात पहिला आला. करंडक घेताना त्याचा चेहरा बघवत नव्हता. सकाळी लिंक बघणाऱ्या आयांचे फोन आले ते वेगळेच.

या वेळी आधी गूगल फॉर्म फिरवला. खुला ४१, चाळिशी १४, महिला ११, मुलं १२. एकूण ७८ लोक ३६ जागांसाठी. प्रमाणात वाटू? किमान जागा राखू? राखलेल्या कधी सोडू? कुणी असं काही केलं असेल तर सांगा. "टोपल्या वाढवा" सोडून काहीही सांगा, म्हशींच्या साखळ्या महाग झाल्यात.

अर्धा_कप_चहा

टोपल्या वाढवा.

हिशेबी

आधी प्रमाणाचं गणित करून टाकू. ३६ ला ७८ ने भागून प्रत्येक गटाला गुणलं की खुला १८.९२, चाळिशी ६.४६, महिला ५.०८, मुलं ५.५४. पूर्ण आकडे घेतले की १८, ६, ५, ५, म्हणजे ३४. उरलेल्या दोन जागा ज्यांचा अपूर्णांक मोठा त्यांना, म्हणजे खुला आणि मुलं. उत्तर १९, ६, ५, ६.

दिसायला छान. पण तुम्ही माणसं वाटत नाही आहात, टोपल्या वाटताय. चौकडी हेच माप धरून ९ चौकड्या वाटून बघा: ४.७३, १.६२, १.२७, १.३८. पूर्ण आकडे ४, १, १, १. उरलेल्या दोन चौकड्या खुल्याला आणि चाळिशीला. म्हणजे २०, ८, ४, ४. तेच ७८ लोक, तीच रीत, फक्त माप मोठं घेतलं तर मुलं ६ वरून ४ वर आली आणि महिला ५ वरून ४ वर. माप मोठं झालं की बारका गट मार खातो. तेव्हा जागा माणसांच्या हिशेबाने वाटा आणि चौकड्या नंतर जुळवा.

माळावरचा

हे डोक्यातच आलं नव्हतं. पण १९ आणि ५ च्या चौकड्या कशा पाडू? तिघांपेक्षा कमी माणसं एकत्र सोडू नयेत, असा खेळाचा दंडक आहे. खेळाडूच एकमेकांच्या फेकी मोजतात, दोघेच असले की गुण कोण तपासणार?

पाटी_पेन्सिल

कराडचा आहे, ३१ वर्षं शारीरिक शिक्षणाचा मास्तर होतो. डिस्क गोल्फ माझ्या बापजन्मी खेळलो नाही, पण तालुका स्पर्धेत हीट पाडणं म्हणजे हेच. खुल्यातले १६ जण, चार चौकड्या बाजूला काढा. राहिले खुल्याचे ३, चाळिशीचे ६, महिला ५, मुलं ६, म्हणजे वीस. त्यांच्या पाच चौकड्या. एक पूर्ण मुलांची, एक पूर्ण महिलांची, एक पूर्ण चाळिशीची. उरलेल्या दोन मुलांबरोबर चाळिशीतले दोघं. आणि राहिलेल्या एका महिलेबरोबर खुल्यातले तिघं. शेवटच्या चौकडीचं मात्र त्या बाईंना आधी विचारा.

एक गोष्ट सांगतो. त्या गूगल फॉर्मवर फार भिस्त ठेवू नका. आपल्याकडे येतो म्हणणारे वेगळे आणि येणारे वेगळे. शिवाय फॉर्मवर जागा ठरतात हे एकदा कळलं की पुढच्या वर्षी खुल्यातली पोरं घरच्या म्हाताऱ्यांचीसुद्धा नावं भरतील. पैसे भरून प्रत्यक्ष किती आले, तो आकडा दरवर्षी वहीत ठेवा.

कृष्णाकाठची

सांगलीहून. गेल्या वर्षी सकाळी लिंक बघणाऱ्यांत मीही होते, फोन मात्र केला नव्हता.

हिशेबीदादांचं गणित बरोबर आहे, पण ते आहे त्या मागणीवर चालतं. पहिल्या वर्षी चार बायका आल्या, कारण माहीत असलेल्या चारच होत्या. प्रमाणातच वाटत राहिलात तर आम्ही कायम पाचच राहू. म्हणून किमान आकडा हवाच, आणि तो कमीत कमी ६ असावा. तिघी-तिघींच्या दोन चौकड्या, म्हणजे तिकड्या म्हणा, होतात. कुणालाही अनोळखी तिघा पोरांबरोबर तीन तास माळावर फिरावं लागत नाही. नवीन बाई पुन्हा येते की नाही, हे बऱ्याचदा त्यावरच ठरतं.

आणि लिंक रात्री ९ ला का? नेमकी घरातली जेवणं, भांडी, मुलांचा अभ्यास. रविवारी सकाळी ११ ला टाका आणि आठवडाभर आधी वेळ जाहीर करा.

माळावरचा

ताई, चुकलंच. रात्री ९ ला मी मोकळा असतो म्हणून ९. एवढाच विचार होता.

दोन_फेका_कमी

मी चार वर्षं कामानिमित्त अमेरिकेत होतो, तिथे पीडीजीएच्या (डिस्क गोल्फ खेळाडूंची संघटना) स्पर्धा खेळलोय. तिथे गट बरेच आणि हौशी गट रेटिंगवर, म्हणजे आधीच्या खेळावरून मिळालेल्या गुणांकावर असतात. मागणी जास्त असली की नोंदणी टप्प्याटप्प्याने उघडतात. सातारच्या माळावर रेटिंग कुणालाच नाही, त्यामुळे तो भाग सोडा. पण दोन गोष्टी उचलण्यासारख्या आहेत. प्रत्येक गटाला कमाल आकडा आणि स्वतंत्र प्रतीक्षा यादी. एका तारखेपर्यंत गटातली जागा रिकामी झाली तर त्याच गटाच्या यादीतला आत येतो. तारीख उलटली की उरलेल्या सगळ्या जागा एका डब्यात, आणि सगळ्या याद्या मिळून नोंदणीच्या वेळेप्रमाणे भरती. तारीख आधीच छापलेली असली की "दादा, घ्या की" फोन बंद.

पहिल्या वर्षी तुमची चूक जागा राखण्यात नव्हती. सोडायची तारीख नव्हती, एवढंच.

आणि दोन सत्रं का नाही घेत? सकाळी मुलं, महिला, चाळिशी, दुपारी खुला. वाऱ्याचा फरक पडला तरी अख्खा गट एकाच सत्रात असला की सगळ्यांना सारखाच वारा.

माळावरचा

दोन सत्रं झाली असती तर ७२ लोक बसले असते, पण माळ आम्हाला दुपारी १ पर्यंतच मिळतो. एकनंतर जनावरं सोडतात. (चकती चावलेली म्हैस आम्ही बघितली आहे. चकतीच गेली.)

अजून एक गाठ राहिली. आमच्याकडे एक १५ वर्षांची मुलगी आहे, खुल्यातल्या निम्म्या पोरांना हरवते. तिला खुल्यात खेळायचंय. आणि दोन बायका चाळिशीपुढच्या आहेत. यांच्या जागा कुठल्या खात्यात?

पाटी_पेन्सिल

अहो, आपल्या राज्यात हे कुणाला शिकवायला लागतं का? आरक्षणाचा तक्ता बघून बघून केस पिकले लोकांचे. मुलगी खुल्यातून उतरली तर ती खुल्याची जागा घेते, महिलांची किंवा मुलांची एकही कमी होत नाही. राखीव गटातल्याने वर जाऊन खेळायला हरकत नाही, खुल्यातल्याने खाली यायचं नाही.

दोन_फेका_कमी

खेळाचा नियमही हाच आहे. महिला खुल्यात खेळू शकतात, पुरुष महिला गटात नाही. चाळिशीच्या दोघींना फॉर्मवरच एक गट निवडायला लावा आणि नोंदणी बंद झाल्यावर बदल नाही. नाहीतर कुठे स्पर्धा सोपी ते बघून लोक शेवटच्या दिवशी उड्या मारतात.

अर्धा_कप_चहा

त्या मुलीच्या चौकडीत मला टाका. हरायचंच आहे तर नीट हरू.

माळावरचा

मंडळी, मनापासून आभार. काल रात्री सगळ्यांशी बसून ठरवलं ते टाकतो.

राखीव: महिला ६, मुलं ६, चाळिशी ६. खुला १८. महिला आणि मुलं तिघा-तिघांत खेळतील, म्हणजे त्यांच्या चार टोपल्या गेल्या. राहिल्या पाच, आणि माणसं २४. पाच चौकड्यांत वीसच मावतात, म्हणून चार ठिकाणी पाच-पाच जण आणि एका ठिकाणी चौघे. पाच जणांचा गट सावकाश चालतो, दुपारचा एक गाठायचा म्हणून सुरुवात ८ ऐवजी साडेसातला. थंडीत पोरं शिव्या घालतील, घालू देत.

लिंक रविवारी सकाळी ११ ला. राखीव जागा स्पर्धेच्या १५ दिवस आधीच्या रविवारपर्यंत, मग एक डबा. फी यूपीआयने आधी, त्याच रविवारपर्यंत रद्द केलं तर पूर्ण परत.

एकच राहिलं. सगळ्या याद्या एकत्र केल्यावर मोकळी जागा यादीतल्या पहिल्या माणसाला, की ज्या गटात आधीच तिघं आहेत आणि एकाने चौकडी पूर्ण होते, त्या गटातल्याला? आमच्यात यावर अजून भांडण चालू आहे.

हिशेबी

यादीतल्या पहिल्याला. चौकड्या जुळवणं तुमचं काम आहे, त्याने त्याचा नंबर त्यासाठी का सोडायचा?