रशियन अवकाश कार्यक्रम कुणी बुडवला?

उल्का: २ जुलै २०१३ला कझाकस्तानातल्या बैकोनूर तळावरून उडालेलं रशियाचं प्रोटॉन-एम रॉकेट अर्ध्या मिनिटात कोसळलं, ग्लोनास या रशियन दिशादर्शन यंत्रणेचे ३ उपग्रह गेले. रॉकेट डावी-उजवीकडे किती वेगाने वळतंय हे मोजणारे ३ सेन्सर उलटे बसवले होते. त्यांच्यावर वरची बाजू दाखवणारा बाण असतो, उलटे बसू नयेत म्हणून खुंट्या असतात. तरी जोर लावून दामटले. कागदावर सह्या तिघांच्या: बसवणारा, त्याचा वरिष्ठ, गुणवत्ता तपासनीस. बसवणाऱ्याची चूक समजू शकते. उरलेल्या दोन सह्या न बघता झाल्या, हा सरळ कारभाराचा दोष.

ध्रुव: असहमत. १९९०च्या दशकात पैसा आटला, अनुभवी माणसं गेली, मधली पिढी घडलीच नाही. २०१४नंतर निर्बंधांमुळे किरणोत्सर्ग सोसणाऱ्या पाश्चात्त्य चिपा मिळेनात. आणि ११ ऑक्टोबर २०१८ विसरू नका. अंतराळवीर नेणाऱ्या सोयूझ रॉकेटचा बाजूचा बूस्टर (जोडरॉकेट) सुटताना मधल्या गाभ्यावर आदळला, कारण जोडणीत एका सेन्सरची दांडी जेमतेम ७ अंश वाकली होती. तरी बचाव यंत्रणेने दोन्ही अंतराळवीर सुखरूप उतरवले आणि ३ डिसेंबरला पुढचं दल रवाना झालं. सडलेल्या संस्थेला हे जमत नाही.

मघा: पैसा आटला? मग रशियाच्या अतिपूर्वेला बांधलेल्या वोस्तोच्नी उड्डाणतळाचं काय? ९१ अब्ज रूबलपैकी ११ अब्ज लाटले गेले, परत आले साडेतीन. हे २०१९मध्ये क्रेमलिनच्या प्रवक्त्यानेच सांगितलं. मार्च २०२२मध्ये तर वनवेब या उपग्रह-इंटरनेट कंपनीचे ३६ उपग्रह रॉकेटवर चढलेले असताना रशियन अवकाश संस्थेचे तेव्हाचे प्रमुख रोगोझिन यांनी अट घातली की ब्रिटिश सरकारने कंपनीतला हिस्सा सोडावा. उड्डाण रद्द झालं, काम इस्रो आणि स्पेसएक्सकडे गेलं. हातचं गिऱ्हाईक घालवलं!

ध्रुव: वनवेबचं मान्य, ते निव्वळ राजकारण. पण ऑगस्ट २०२३मध्ये चंद्रावर आदळलेलं लुना-२५ यान घ्या. इंजिन ८४ सेकंदांऐवजी १२७ सेकंद चाललं, कारण त्वरणमापक (वेगातला बदल मोजणारं उपकरण) चालूच झाला नव्हता. वेग पुरेसा झाला हे यानाला कळेना. यात मंत्री कुठे आला?

उल्का: मोहिमा मंजूर करताना आला. लुना-२४ १९७६चं, त्यानंतर ४७ वर्षं चंद्राकडे एकही यान नाही. मग पहिलंच थेट दक्षिण ध्रुवाजवळ उतरवायला धाडलं. २०११चं फोबोस-ग्रुंटही तसंच: एकदम मंगळाच्या चंद्रावरून माती आणायची! ते पृथ्वीच्या कक्षेतच अडकलं. नुसतं चंद्राभोवती फिरणारं साधं यान आधी पाठवलं असतं, तर हा त्वरणमापक तिथेच उघडा पडला असता.