टॉर्शन लेसच्या कोळ्यात मणी कसा बसवायचा?

पल्लवी_लुव्हन:
नमस्कार मंडळी! बेल्जियममध्ये आल्यापासून बॉबिन लेसचा नाद लागलाय, म्हणजे बारीक दांड्यांवर (बॉबिनवर) गुंडाळलेले दोरे उशीवर टाचण्या टोचत जोडीजोडीने विणायची जाळी. सध्या आईच्या गडद निळ्या ब्लाउजच्या बाह्यांसाठी टॉर्शनची (साध्या भौमितिक नक्षीच्या बॉबिन लेसची) पट्टी करतेय. प्रत्येक कोळ्याच्या (त्या किड्यासारख्या दिसणाऱ्या नक्षीच्या) पोटात एकेक मोतिया मणी हवाय. मणी आधीच दोऱ्यात ओवून बॉबिन भरली, पण ते सारखे मागे सरकवावे लागतात, दोऱ्याला लव सुटते, आणि ऐन कोळ्याच्या वेळी मण्यांचा दोरा भलतीकडेच असतो. दोरा सुती, मणी ११ नंबरचे.

सुमेधा_पुणे:
पल्लवी, भलतीकडे जाणारच गं. टॉर्शनमध्ये दोरे तिरके चालतात. या कोळ्यात मधे असलेला दोरा पुढच्या कोळ्यात पाय (बाजूने पोटात शिरणारी जोडी) होऊन बसतो. ओवलेले मणी काठाला ठीक, कारण तिथे विणकरी जोडी (आडवी ये-जा करणारे दोन दोरे) दर वेळी बाहेरच्या टाचणीला वळसा घालूनच परतते.

कोळ्यासाठी ०.४ किंवा ०.५ मिमीची क्रोशाची सुई घे आणि मणी तिच्यावर चढव. डावीकडचे सगळे पाय उजवीकडच्यांतून पार झाले, की मधल्या टाचणीच्या जागी थांब. मधल्या दोन जोड्यांपैकी डावीतला एक दोरा सुईने मण्यातून फासासारखा वर ओढ. शेजारच्या उजव्या जोडीतली एक बॉबिन त्या फासातून घाल आणि दोन्ही दोरे हळूच ताण. मणी बसला, की त्याच्या खाली टाचणी टोच आणि उरलेला अर्धा कोळी नेहमीसारखा पुरा कर.

मण्याच्या भोकातून दोरा दुहेरी जातो, हे विसरू नकोस. पट्टीवर बसण्याआधी प्रत्येक मणी दुहेरी दोऱ्यावर घालून बघ. अडला तर सरळ बाजूला टाक, जबरदस्ती केलीस तर ऐन वेळी उशीवरच फुटेल. इथे पुण्यात बोहरी आळीत वजनावर मिळणाऱ्या मण्यांत असे बरेच निघतात, भोकाची कडही कधीकधी दोरा कापते. या कामाला जपानी मणीच बरे.

आणि सगळ्या कोळ्यांना नको हं! एकाआड एक पुरे. नाहीतर विणकाम दिसतच नाही, नुसते मणी दिसतात.

रेशीमगाठ:
भोकात सुई जात नसेल तर बारीक नायलॉनचा दोरा दुमडून मण्यातून घाला, त्याच्या फासात लेसचा दोरा अडकवा आणि परत ओढा. दात साफ करायच्या धाग्याचं कडक टोकही चालतं.

पल्लवी_लुव्हन:
सुमेधाताई, जमलं! पण माझ्या बॉबिन इंग्लिश आहेत, शेपटीला मण्यांची कडी असलेल्या. फासातून जाताना कडी अडकते.

सुमेधा_पुणे:
बेल्जियममध्ये राहून इंग्लिश बॉबिन! ती कडी वजनाला आणि बॉबिन उशीवर गडगडू नये म्हणून असते, फासाला ती अडथळाच. फास मोठा ओढ, कडी बॉबिनच्या दांडीला चिकटवून धर आणि डोक्याकडून आत घाल. पुढच्या पट्टीला तिथल्याच बिनकडीच्या बॉबिन घे. आणि चंदेरी अस्तराचे मणी असतील तर ब्लाउज धोब्याकडे देऊ नका, अस्तर काळं पडतं.