पालकसभेत काय मागायचं: पोस्टर की मीटर?

(सोसायटीतल्या शेजाऱ्यांचा संवाद; नावांऐवजी घरांचे क्रमांक दिले आहेत.)

बी-२०४: शाळेकडून पुन्हा ‘पृथ्वी वाचवा’ पोस्टर स्पर्धेची सूचना आली आहे. थर्मोकोल आणि चमकी चिकटवून पर्यावरणाचं पोस्टर करायचं, हे मला पटत नाही. शनिवारी पालकसभेत बोलूया का?

ए-३०१: बोला ताई. पण हवामानबदल हा सरकारांचा आणि कारखान्यांचा विषय आहे. आठवीच्या पोरांवर त्याचं ओझं कशाला? आधीच पोर्शन पुरा होत नाही.

सी-१०२: काका, जबाबदारी मोठ्यांचीच, यात दुमत नाही. पण समजावून देणं हे शाळेचंच काम ना? मी वर्षानुवर्षं विज्ञान शिकवलं. ओझोनच्या छिद्रामुळे पृथ्वी तापते, असं हुशार मुलंही उत्तरपत्रिकेत लिहायची. ओझोन कमी झाला की अतिनील किरण जास्त येतात, तो वेगळा प्रश्न. तापमानवाढीचं मुख्य कारण कोळसा, तेल आणि गॅस जाळून हवेत साठलेला कार्बन डायऑक्साइड. १९५८ मध्ये अमेरिकेच्या हवाई बेटांवरच्या मौना लोआ पर्वतावर मोजणी सुरू झाली तेव्हा तो दहा लाखांत सुमारे ३१५ भाग होता, आता ४२० च्या वर गेलाय. ‘झाडे लावा’ पाठ असलेल्या मुलाला हे माहीत नसतं.

डी-४०३: मॅडम, माझी मुलगी तर घाबरते. सगळं बुडणार का, म्हणून रात्री विचारते. काय सांगू तिला?

सी-१०२: ती एकटी नाही गं. २०२१ मध्ये दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या १०,००० तरुणांची पाहणी प्रसिद्ध झाली. ५९ टक्के जण खूप किंवा अतिशय काळजीत होते. नुसती संकटाची चित्रं दाखवली आणि हाताला काम दिलं नाही की भीती वाढणारच.

तिला घरी एक प्रयोग करून दाखव. एका ग्लासात पाण्यावर बर्फ तरंगू दे. दुसऱ्या ग्लासात बर्फ पाण्याबाहेर दगडावर ठेव. दोन्हीकडे पातळीची खूण कर. तरंगता बर्फ वितळला तरी पातळी जवळपास तीच राहते, दगडावरचा वितळला की वाढते. समुद्राची पातळी वाढेल म्हणून शास्त्रज्ञ जमिनीवरच्या बर्फाची चिंता का करतात, ते तिला आपोआप कळेल.

आणि शाळेत पोस्टरच्या जागी मोजमाप हवं. दर सोमवारी मुलांनी वीजमीटरचं रीडिंग घ्यावं, कचऱ्याचं वजन करावं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. ५०० चौरस मीटरच्या गच्चीवर २० मिलिमीटर पडला तर १०,००० लिटर! ते कुठे जातं, हे मुलांनी मुख्याध्यापकांना विचारावं आणि त्यांनी उत्तर द्यावं. वर्गात बचत शिकवायची आणि रिकाम्या खोल्यांत पंखे फिरत ठेवायचे, तर मुलं पंख्याकडूनच शिकतात.

बी-२०४: इटलीत २०२० पासून नागरिकशास्त्राच्या तासांत शाश्वत विकास सक्तीचा आहे. म्हणजे वेगळा विषय काढायलाच हवा असंही नाही. मीटर गणितात बसेल, पाऊस भूगोलात.

ए-३०१: आणि मग पोरं घरी येऊन आम्हाला शिकवणार 🙂

सी-१०२: शिकवू देत की! अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात नेमकं हेच तपासलं होतं, २०१९ चा अभ्यास आहे. मुलं शाळेत हवामानबदल शिकली, आणि आईवडिलांची काळजीही वाढली. मुलींच्या पालकांमध्ये आणि वडिलांमध्ये जास्त.

ए-३०१: बरं, पटलं. माझी सगळी नोकरी वीज खात्यात झाली. बिल कसं वाचायचं, हे मुलांना एका तासात शिकवतो. शनिवारी येतो.

बी-२०४: मग मागणी एकच ठेवू. गेल्या तीन वर्षांची शाळेची वीजबिलं आठवी-नववीच्या वर्गांना मिळावीत. गच्चीवर सोलर बसवा, हेही म्हणू का?

सी-१०२: आत्ता नको. आधी वर्षभराचा वापर मांडू दे. किती पॅनेल लागतील, ते मुलंच काढतील.