पुराचा इशारा फुटांत हवा की उंबऱ्यापर्यंत?

पंचगंगाकाठ :
कोल्हापुरात पावसाळ्यात उठल्या उठल्या एकच प्रश्न, "राजाराम बंधाऱ्यावर किती?" म्हणजे तिथं पंचगंगेचं पाणी किती फुटांवर. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी, हे शाळकरी पोरांनाही पाठ आहे. पण ४३ झाले म्हणजे माझ्या गल्लीत काय होणार? २०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्हाला मेसेज आला, "नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे." आई म्हणाली, आपण कुठले नदीकाठचे? रात्री मोरीच्या जाळीतून बुडबुडे यायला लागले. पाणी रस्त्यानं आलंच नाही, नाल्यातून उलटं चढून मोरीतून वर आलं. तासाभरात पिठाचा डबा तरंगत होता. माझं स्पष्ट मत आहे, पुराच्या इशाऱ्याचं सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी प्रत्येक उंबऱ्याची उंची एकदा नोंदवून घ्यावी आणि "पहाटे चारच्या सुमारास तुमच्या उंबऱ्याला पाणी लागेल" असा मेसेज पाठवावा.

नकाशेवाला :
दादा, तळमळ कळते, पण हे धोक्याचं आहे. मी अशाच प्रणालींवर काम करतो. उपग्रहावरून फुकट मिळणाऱ्या उंचीच्या नकाशात दोन मीटरची चूक सहज असते. दोन मीटर म्हणजे साडेसहा फूट. इशारा आणि धोका पातळीत अंतरच चार फुटांचं! शेजाऱ्याला मेसेज आला आणि तुम्हाला नाही, तर तुम्ही निवांत झोपणार. मेसेज न येणं हाही लोकांसाठी मेसेजच असतो. त्यापेक्षा अख्खी गल्ली हलवलेली बरी.

शिरोळची लेक :
तुम्ही दोघं घरातच अडकलाय. आमच्याकडं गोठा आधी. नऊ जनावरं, आणि ट्रॉली मिळेपर्यंत अर्धा दिवस जातो. मला इंच नकोत, वेळ हवा. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे धरण भरलं की आपोआप उघडतात, एकेकातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट पाणी सुटतं. दरवाजा कुणाच्या सहीसाठी थांबत नाही, मग मेसेज का थांबावा? दरवाजा उघडला त्या मिनिटाला आमचा फोन वाजला पाहिजे.

नकाशेवाला :
ताई, दरवाजा उघडला ही घडलेली गोष्ट. ती आपोआप जाऊ द्या, मान्य. अंदाज मात्र माणसानं बघून, सही करूनच पाठवावा. पातळी मोजणाऱ्या यंत्रात जलपर्णी अडकली की ते काहीही आकडा देतं. रात्री दोन वाजता गाव उठवलं आणि पाणी आलंच नाही, तर पुढच्या खेपेला कोण उठेल?

पंचगंगाकाठ :
उंचीच्या चुकीचं पटलं. मग नकाशा सोडा. आमच्या भिंतीवर २०१९ ची गाळाची रेघ आहे, रंग दिला तरी ओल धरून परत उमटते. मेसेजमध्ये एवढंच म्हणा, "२०१९ च्या खुणेपेक्षा दोन फूट खाली." आईला ते फुटांपेक्षा लवकर कळेल.

शिरोळची लेक :
हे आवडलं. पण एकाच ठिकाणची खूण सगळ्यांना लावू नका. २०२१ ला राजाराम बंधाऱ्यावर पाणी २०१९ पेक्षा वर गेलं, सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर मात्र खाली राहिलं. आमच्या नृसिंहवाडीला कृष्णा आणि पंचगंगा भेटतात. कोयनेचं पाणी आणि राधानगरीचं पाणी एका वेळी पोचतं की मागेपुढे, यावर आमचं सगळं ठरतं. गोठ्याच्या खांबावर दोन्ही वर्षांच्या रेघा आहेत, २०२१ ची हातभर खाली. राजारामच्या आकड्यावरून ते कधी कळलं असतं?

नकाशेवाला :
ताई, त्या दोन्ही रेघा जमिनीपासून मोजून ठेवा. गावागणिक अशा वीस-पंचवीस खुणा मिळाल्या तर गणितातली चूक बरीच कमी करता येईल. इतका चांगला पुरावा आमच्याकडे नसतो. दादांची खुणेची कल्पनाही मग गावनिहाय लावता येईल. सहीचा मुद्दा मात्र मी सोडत नाही.

शिरोळची लेक :
रेघा उद्या सकाळी मोजते. पण सही करणारा माणूस रात्री दोनला जागा असेल, याची जबाबदारी तुमच्या प्रणालीत कुणाच्या नावावर आहे?