मदत हवी आहे : समोरून लाइट आला की रस्ताच दिसत नाही

कापूसवाला_पोरगा
राजेहो, लवकर सांगा. जिनिंगमधी दुसरी पाळी लागली आहे, सुटेपर्यंत रात्रीचे दहा वाजते. वणीहून मारेगावकडे घरी येतो. समोरून ट्रक आला की डोळ्यापुढे नुसतं पांढरं होते, अन् तो गेला की काळंकुट्ट. परवा त्याच काळोखात कापसाची ट्रॉली रस्त्यावर उभी. मागे लाइट नाही, रेडियम नाही, चाकं फक्त दगडं लावून अडवलेली. हातभर अंतरावर ब्रेक लागला. डिप्पर देऊन पाहिला, कोणी लाइट खाली करत नाही. 'हळू चालव' सांगू नका, नेमकं काय करू ते सांगा.

तुरीची_शेंग
गाडी कोणती? बाईक का कार?

कापूसवाला_पोरगा
बाईकच ना भाऊ. कारवाल्याले काय टेन्शन.

वणीकर_दादा
दोन एलईडी फॉग लाइट ठोकून घे. मी लावले तेव्हापासून समोरचा आपोआप लाइट खाली करते.

निवृत्त_मास्तर
दादा, हा उपाय नाही, हाच तर रोग आहे. समोरच्या ट्रकवाल्याचे डोळे दिपले की तो कोणाच्या अंगावर येईल? तुमच्याच ना?

वणीकर_दादा
मास्तर, तुम्ही रात्री घरी झोपता. आम्हाले कोळशाच्या ट्रकमधून गाडी काढा लागते.

निवृत्त_मास्तर
मीही याच रस्त्यानं आयुष्य काढलं आहे. मुलगा नेमकं विचारतो आहे, तर नेमकं सांगतो. ६० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. अडथळा दिसून हात-पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद, म्हणजे २५ मीटर गेलेच. पुढे कोरड्या डांबरावर थांबायला आणखी तेवढेच. डिप्परच्या, म्हणजे खाली केलेल्या लाइटच्या, उजेडात बिनलाइटची ट्रॉली ५० मीटरवरून दिसते का? नाही दिसत. ४० च्या वेगात हेच सगळं २७ मीटरच्या आसपास आटोपते. जेवढं दिसते तेवढ्यात थांबता आलं पाहिजे, हा हिशेब.
दुसरं, ट्रक जवळ यायच्या आधीच वेग उतरवा, अन् नजर त्याच्या लाइटवर न ठेवता आपल्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर ठेवा. पट्टा नसेल तर डांबराच्या काठावर. ट्रक गेल्याबरोबर एक्सिलेटर पिळू नका. डोळे सावरायला काही सेकंद जातात, अन् ट्रॉली, बैलबंडी त्याच काळोखात असते.

पाळीवाली_सिस्टर
मास्तरांचं खरं आहे. पण भाऊ, हेल्मेटची काच कशी आहे? ओरखडे असले की समोरचा लाइट काचेवर फुटून चांदणीसारखा पसरते. कपड्यानं कोरडी पुसू नका, पाण्यानं धुवा, नाहीतर काच बदला. काळी काच रात्री अजिबात नको. अन् डोळे शेवटचे कधी तपासले? अपघात विभागात रात्रीच्या केसेस पाहते म्हणून कळकळीनं विचारते.

कापूसवाला_पोरगा
ताई, काच नवीन आहे, डोळ्याले नंबर नाही.

समृद्धी_प्रवासी
टायर घासलेले असतील तर समृद्धी महामार्गावर मुळीच जाऊ नका. १२० च्या वेगात उन्हाळ्यात टायर फुटते. हवा टायर थंड असतानाच तपासा.

तुरीची_शेंग
भाऊ, तिथं बाईकले बंदीच आहे. पोरगा मारेगावचं विचारून राहिला.

एसटीचा_शेजारी
मी तर रात्रीच्या बसच्या मागं लागतो, निवांत घरी.

निवृत्त_मास्तर
चिकटून नका जाऊ. बस खड्डा चाकांमध्ये घेऊन निघून जाते, तुम्हाला तो दिसतो तेव्हा चाक त्यात गेलेलं असते. बस ज्या झाडापाशून गेली तिथं पोचायला तुम्हाला किमान तीन सेकंद लागले पाहिजे.

गॅरेज_हिंगणघाट
मागं कोणी बसते का?

कापूसवाला_पोरगा
लहान भाऊ बसते रोज, त्याची पण तीच पाळी. कधी सरकीचं पोतं. त्याचा काय संबंध?

गॅरेज_हिंगणघाट
तोच तर संबंध आहे! मागं वजन पडलं की पुढचा लाइट वर उठते. रस्त्यावर उजेड कमी, अन् समोरच्याले तुझा डिप्परही अप्पर वाटते, मग तो कायले खाली करते? सपाट जागी भिंतीपासून पाच-सहा पावलांवर गाडी लाव. भावाले मागं बसव. हेडलाइटच्या उंचीवर खडूनं रेघ मार. डिप्परचा उजेड रेघेच्या खाली पडला पाहिजे.

रोही_ग्रस्त
लाइटचं ठीक आहे, पण रस्त्यात आडव्या येणाऱ्या रोहीचं, म्हणजे नीलगाईचं काय? एक गेला की मागं दुसरा असतेच. हँडल झटकू नका, सरळ ब्रेक दाबा. आमच्या तुरीत तर रानडुकरांनी काही ठेवलं नाही. वनविभागाकडं अर्ज केला, पंचनामा झाला, पैसे कधी येतात कोणी सांगेल का?

तुरीची_शेंग
आमचेही अडकले आहेत. वेगळा धागा काढा, सगळे लिहू.

कापूसवाला_पोरगा
गॅरेजवाले भाऊ, भिंतीवर पाहिलं. भाऊ बसला की उजेड रेघेच्या चांगला वीतभर वर जाते. आता?

गॅरेज_हिंगणघाट
हेडलाइटखाली किंवा बाजूला स्क्रू असते. भाऊ बसलेला असतानाच फिरव, उजेड रेघेखाली आण. अन् मागच्या शॉकअपची सेटिंग एक घर कडक कर.

पाळीवाली_सिस्टर
आणि त्या ट्रॉल्यांचं? जिनिंगच्या गेटवरच चमकणारी टेप लावून घ्यायला मालकांना सांगता येईल ना?

कापूसवाला_पोरगा
सुपरवायझरले उद्याच सांगतो. टेप कोणती आणायची?

गॅरेज_हिंगणघाट
मागं लाल, बाजूनं पिवळी, पुढं पांढरी. ट्रॅक्टरच्या पार्टच्या दुकानात मिळते. ट्रॉलीचा फाळका आधी धुऊन कोरडा कर, धुळीवर टेप टिकत नाही.