थोर जोशींची यादी, आणि एकाच नोंदीत कोंबलेले दोन जोशी

सूचीवाला:
'थोर जोशी' ही यादी पुन्हा डकवलीत, म्हणून लिहितो. नोंद चौथी: "शरद जोशी, हिंदी व्यंगकार व शेतकरी संघटनेचे संस्थापक." अहो, माणसं दोन आहेत! व्यंगकार उज्जैनचे, १९३१–१९९१. शेतकरी नेते साताऱ्यात जन्मलेले, १९३५–२०१५. टपालसेवेतून स्वित्झर्लंडमधल्या बर्नला गेले, परत येऊन पुण्याजवळच्या आंबेठाणला शेती. तुमच्या यादीप्रमाणे १९९१ला वारलेला गृहस्थ २००४ला राज्यसभेत जाऊन बसला. आधी सालं लिहा, मग गाव, मग भाषा, काम सगळ्यात शेवटी. काम आधी लिहिलं की असं दोन माणसांचं कलम होतं.

अभिमानी:
एक डुलकी लागली म्हणून यादीच फेकायची? आनंदीबाई, लक्ष्मणशास्त्री, भीमसेन! एका घराण्यात एवढी प्रतिभा दाखवा दुसरीकडे.

पिंगळा:
घराणं? भीमसेन गदगकडचे, घरात कन्नड. उमाशंकर गुजराती कवी, १९६७चं ज्ञानपीठ कन्नड कवी कुवेंपूंबरोबर विभागून. सत्यमोहन जोशी नेपाळचे, तिथल्या नेवार समाजातले. जोशी हा धंदा आहे हो, ज्योतिषी! पंचांग सांगणारा तो जोशी. दारोदार भविष्य सांगत फिरणारे कुडमुडे जोशीही त्यातच आले. ते यादीत नाहीत, हे सोयीचंच.

अभिमानी:
आलात जातीवर. निदान आनंदीबाईंना तरी सोडा.

चिमटा:
तिथेच तर मोठा घोळ! यादीत "लग्नानंतर जोशी" लिहिलंय. माहेरही जोशीच, कल्याणचं. यमुनाची आनंदी झाली, आडनाव हललं नाही. आणि अमेरिकेतल्या पकिप्सी गावच्या दफनभूमीतल्या त्यांच्या दगडावर आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगात शेवटी 'आय' नाही, दोन 'ई' आहेत. अमेरिकेतले कागद शोधताना दोन्ही घालून बघा, नाहीतर "काही मिळालं नाही" म्हणत परत याल.

सूचीवाला:
शास्त्र्यांचं काय केलंय ते पाहिलंत? 'शास्त्री' ही पदवी समजून उडवली. लक्ष्मणशास्त्री वाईचे, विश्वकोशाचे. महादेवशास्त्री मूळचे गोव्यातल्या सत्तरीचे, संस्कृतिकोशाचे. दोघेही कोशवाले, त्यामुळे यादीत विश्वकोश महादेवशास्त्र्यांच्या नावावर! 'शास्त्री' नावाला जोडूनच ठेवायचं, पुढे वडिलांचं नाव: 'जोशी, लक्ष्मणशास्त्री बाळाजी', 'जोशी, महादेवशास्त्री सीताराम'.

पिंगळा:
आणि लक्ष्मणशास्त्र्यांची 'तर्कतीर्थ' पदवी कुठे लावणार? 'त'खाली शोधणारेही आहेत.

सूचीवाला:
'त'खाली नुसता निर्देश, "पाहा: जोशी". नोंद एकदाच.

चिमटा:
मग 'पंडित भीमसेन'साठी 'प'खालीही निर्देश? वाढवा वाढवा, यादीपेक्षा निर्देश जास्त.

सूचीवाला:
'पंडित' खाली कुणी शोधत नाही. उगाच फाटे फोडू नका.

अभिमानी:
बरं, शरद जोशी दोन केले. विश्वकोश वाईला परत पाठवला. आता तरी 'थोर' शब्द राहू द्याल, की त्यालाही जन्मसाल लागतं?