गरम पाण्यात मिथेनचे रेणू एकमेकांना अधिक का चिकटतात?

प्रश्न:
मिथेनच्या दोन रेणूंचे पाण्यातील संगणकीय सिम्युलेशन करताना मला असे आढळले की, 300 केल्विनपेक्षा 350 केल्विनला त्यांच्या संपर्कस्थितीतील (एकमेकांना टेकलेले असतानाची) मुक्त ऊर्जेची दरी अधिक खोल होते; दरी जितकी खोल, तितके जवळ राहणे अनुकूल. उष्णतेने आकर्षण क्षीण व्हायला हवे, मग येथे उलट का घडते? ते असेच वाढत जाते का?

पहिले उत्तर:
आपले निरीक्षण योग्य आहे. मिथेनचे मिथेनशी थेट आकर्षण अगदी थोडे असते. खरा परिणाम पाण्याचा आहे. मिथेनशी हायड्रोजन बंध जुळत नसल्यामुळे त्याच्याभोवतीच्या पाण्याच्या रेणूंना आपसातील बंध टिकवण्यासाठी ठरावीक दिशाच धराव्या लागतात आणि त्यांची एन्ट्रॉपी (अव्यवस्थेचे माप) घटते. दोन मिथेन जवळ आले की पाण्याला उघडा असलेला पृष्ठभाग कमी होतो, त्यामुळे काही पाणी मोकळे होते. मुक्त ऊर्जेत एन्ट्रॉपीला तापमानाने गुणले जाते, म्हणून दरी खोलावते. फ्रँक आणि इव्हान्स या संशोधकांनी 1945 मध्ये मिथेनसारख्या रेणूंभोवतीच्या अशा बांधलेल्या पाण्यासाठी हिमनगाची उपमा वापरली होती. मात्र तेथे खरोखर बर्फ असतो असे समजू नये.

दुसरे उत्तर:
वरील स्पष्टीकरणात एक भर आवश्यक वाटते, कारण विद्यार्थी नेमके येथेच अडतात. मिथेनसारखे हायड्रोकार्बन (कार्बन आणि हायड्रोजनची संयुगे) पाण्यात विरघळताना उष्माधारकता (तापमान एका अंशाने वाढवायला लागणारी उष्णता) बरीच वाढते, म्हणून एन्थाल्पी (उष्णतेच्या देवाणघेवाणीचे माप) आणि एन्ट्रॉपी दोन्ही तापमानानुसार झपाट्याने बदलतात. बेंझिनची पाण्यातील विद्राव्यता सुमारे 18 अंश सेल्सिअसला सर्वांत कमी असते आणि त्यापुढे ती वाढू लागते. तरीही द्रव हायड्रोकार्बन पाण्यात नेण्याची मुक्त ऊर्जा सुमारे 110 अंशांपर्यंत वाढतच राहते. यात विसंगती नाही, कारण विद्राव्यता मुक्त ऊर्जेवर नव्हे, तर मुक्त ऊर्जा भागिले RT या गुणोत्तरावर ठरते (R म्हणजे वायू स्थिरांक, T म्हणजे केल्विनमधील तापमान). म्हणून आपला आलेख RT ने भागूनही पाहा. 300 केल्विनला RT सुमारे 2.5 किलोज्यूल प्रति मोल असते आणि मिथेनची दरी जेमतेम तेवढीच असल्याने हा भागाकार निष्कर्षच बदलू शकतो.

तिसरे उत्तर:
सुमारे 0.39 नॅनोमीटरची संपर्कस्थिती आणि सुमारे 0.7 नॅनोमीटरची, मध्ये पाण्याचा थर असलेली स्थिती, या दोन्हींची नोंद स्वतंत्र ठेवावी. शिवाय हे निष्कर्ष एक नॅनोमीटरहून मोठ्या कणांना तसेच लावू नयेत; तेथे पृष्ठताण निर्णायक ठरतो आणि तो तापमानाबरोबर घटतो.